वाचक विचारतात : घरच्या घरी फोर्क सर्व्हिस

प्रश्न : माउंटन बाइकचा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा हवेचा शॉक) वर्षभर उघडलेला नाही. तेल गळत नाही, हवाही टिकते. पण बारीक खडीवर तो पूर्वीसारखा दबत नाही आणि हात लवकर भरून येतात. घरी काय करता येईल?

उत्तर : लोअर, म्हणजे फोर्कचा खालचा, चाकाकडचा भाग, काढून साफ करा आणि त्यातलं तेल बदला. तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा हवेची किंवा डँपरची (फोर्क परतण्याचा वेग आवरणाऱ्या तेलाच्या भागाची) नसतात. लोअरमधलं तेल संपत आल्याची किंवा त्यात माती मिसळल्याची असतात. वरच्या चकचकीत नळ्या, म्हणजे स्टँशन, लोअरमधल्या बुशिंगवर (अस्तरासारख्या कड्यांवर) घासत वरखाली होतात. त्यांना वंगण मिळतं ते तळाशी असलेल्या थोड्याशा तेलातून आणि लोअरच्या तोंडाशी माती अडवणाऱ्या वायपर सीलखाली बसलेल्या फोमच्या कड्यांतून. कडं कोरडं पडलं की फोर्क आधी अडखळतो आणि मग सरकतो. गळती दिसत नाही, म्हणून हे काम लांबणीवर पडतं. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या अनेक फोर्कसाठी ५० तासांच्या वापरानंतर लोअर सर्व्हिस करायला सांगते. चिखलपाण्यात फिरत असाल तर त्याआधीच करावी.

लागणारं सामान : शॉक पंप, ॲलन की, टॉर्क रेंच, प्लास्टिकची हातोडी, २० मिलीची बिनसुईची सिरिंज, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, नवे क्रश वॉशर (बोल्टखाली दबून तेल अडवणारे), फोमची कडी आणि तुमच्या मॉडेलला सांगितलेलं तेल. वायपर कडक झाले असतील तर तेही आणा.

आधी पुढचं चाक आणि ब्रेकचं कॅलिपर काढून बाजूला ठेवा. तेलाचा एक थेंब ब्रेक पॅडवर गेला तर तो पॅड बहुधा फेकावाच लागतो. हवेचा दाब आणि रिबाउंडचे, म्हणजे फोर्क परतण्याच्या वेगाचे, क्लिक लिहून घ्या. मग व्हॉल्व्ह हळू दाबून सगळी हवा सोडा. हवा भरलेली असताना एकही बोल्ट सैल करायचा नाही.

रिबाउंडचा नॉब काढा. खालचे दोन्ही बोल्ट ३-४ फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. खाली भांडं ठेवून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोका. आतला शाफ्ट (बोल्ट ज्यात बसतो तो दांडा) सुटला की बोल्टचं डोकं पुन्हा लोअरला टेकतं. दोन्ही बाजू सुटल्यावर बोल्ट काढा, तेल गळू द्या आणि लोअर दोन्ही हातांनी सरळ ओढून काढा. फॉक्स या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच फोर्कना खाली नट असतात. तिथे नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करून त्यावर ठोकायचं, म्हणजे आटे बिघडत नाहीत.

निघालेलं तेल नीट पाहा. करडं आणि गढूळ असेल तर माती आत गेली आहे. दुधाळ असेल तर पाणी. डँपरच्या बाजूने भरलं होतं त्याहून बरंच जास्त तेल निघालं तर डँपरचं सील गळतंय, आणि ते काम वर्कशॉपचं.

फोमची कडी काढून पिळा, अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि ताज्या तेलात बुडवून ठेवा. लोअरच्या आत कापड गुंडाळलेली लाकडी किंवा प्लास्टिकची काठी फिरवा. लोखंडी सळई नको, बुशिंगवर ओरखडे पडतात. खालचं बुशिंग बरंच खोल असतं, काठी तिथवर गेली पाहिजे. स्टँशनवरून नख फिरवा. नख अडकेल असा चरा असेल तर तिथून तेल झिरपत राहील, नवं सील घालूनही.

जोडताना घाई करू नका. वायपरच्या आतल्या कडेला सस्पेन्शन ग्रीसचा पातळ थर लावा. लोअर वर चढवताना दोन्ही स्टँशन एकाच वेळी आत जाताहेत ना, हे सीलच्या कडेकडे बघत बघत करा. कड आत दुमडली तर पहिल्याच फेरीत गळती सुरू होते. स्टँशन वरच्या बुशिंगमध्ये शिरले की थांबा. फोर्क तिरका करून तळाच्या भोकांतून सिरिंजने तेल सोडा. शाफ्टच्या पोकळीत नाही, त्याच्या बाजूने. मग लोअर पूर्ण वर ढकला, नवे क्रश वॉशर घाला आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. रॉकशॉक्सच्या बहुतेक फोर्कना ७.३ न्यूटन मीटर, फॉक्सच्या नटांना साधारण ५.६. शेवटी लिहून ठेवलेला दाब आणि क्लिक परत लावा.

प्रश्न : बोल्ट फिरतो, पण बाहेर येतच नाही. आणखी जोरात ठोकू का?

उत्तर : नको. बोल्टबरोबर आतला शाफ्टही फिरतोय. लोअर खाली ताणून धरा आणि त्याच वेळी बोल्ट फिरवा, शाफ्ट घट्ट धरला जातो. लोअरवर कुठेही ठोकू नका. ते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतीव काम असतं, तडा जाऊ शकतो.

प्रश्न : लोअरमध्ये गाडीचं इंजिन ऑइल चालेल का? आणि थोडं जास्त घातलं तर बरंच ना?

उत्तर : रॉकशॉक्सने अनेक मॉडेलांच्या लोअरसाठी ०डब्ल्यू-३० तेल सांगितलं आहे. अशा फोर्कमध्ये त्याच ग्रेडचं सिंथेटिक इंजिन ऑइल वंगणाचं काम करतं. डँपरमध्ये मात्र ते कधीच नको. तिथे तेल बारीक छिद्रांतून जातं आणि त्याच्या घट्टपणावरच फोर्क परतण्याचा वेग ठरतो. डँपर तेलाच्या बाटलीवरचा '५ डब्ल्यूटी' असा आकडाही सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. तुलना करायची तर ४० अंशांवरचे सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक) पाहा.

जास्त तेल घालणं चूकच. मॉडेल आणि सालानुसार एका पायात ५ मिलीपासून ४० मिलीच्या आसपास तेल लागतं, दोन पायांत वेगवेगळं असू शकतं. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच घ्या. तेल जास्त झालं की लोअरमध्ये हवेला जागा उरत नाही. ती हवा शेवटच्या टप्प्यात दाबली जाते आणि फोर्क पूर्ण ट्रॅव्हल (दबण्याचं अंतर) देत नाही. साधं लिथियम ग्रीस आणि डब्ल्यूडी-४० सीलपासून लांब ठेवा. जुनं तेल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या.

प्रश्न : सर्व्हिसनंतर फोर्क थोडा बसलेलाच राहतो, पूर्ण उघडत नाही. काय चुकलं?

उत्तर : बहुधा काहीच नाही. एअर स्प्रिंगला, म्हणजे फोर्कच्या हवेच्या भागाला, वरचा आणि खालचा, असे दोन कप्पे असतात. पंपाने भरतो तो वरचा. खालच्यात हवा जाते ती फोर्क ठराविक जागी दबल्यावरच. म्हणून ५० पीएसआय भरून फोर्क हळूहळू ८-१० वेळा दाबा, पुन्हा दाब पाहा. तो उतरलेला असेल. असं करत हव्या त्या दाबापर्यंत जा, मग सॅग (स्वार बसल्यावर फोर्क किती दबतो ते) मोजा. २० टक्क्यांच्या आसपास सॅगपासून सुरुवात करावी.

एवढं करूनही तो खाली ओढलेलाच राहत असेल तर दोन कप्प्यांमधली वाट ग्रीसने बुजली आहे किंवा एअर स्प्रिंगचं सील गेलं आहे. एअर स्प्रिंग उघडावी लागेल. तळाच्या बोल्टभोवती तेल दिसत असेल तर कारण वेगळं : बहुधा जुना क्रश वॉशर परत वापरला गेलाय.

प्रश्न : पुढचा ब्रेक दाबून बाइक हलवली की टकटक होते. हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) की फोर्क?

उत्तर : पुढचा ब्रेक धरा आणि बाइक पुढेमागे हलवा. एका हाताची बोटं वायपर आणि स्टँशनच्या सांध्यावर ठेवा. हालचाल तिथे जाणवली तर बुशिंग झिजलंय. वर हेडसेटच्या कपाशी जाणवली तर हेडसेट आवळायचा आहे. बुशिंग बदलायला बसवण्याची आणि माप काढण्याची खास हत्यारं लागतात, ते काम वर्कशॉपला द्या. काही फोर्कमध्ये बुशिंग सुटं मिळत नाही, लोअरच नवं घ्यावं लागतं.