गिगाहर्ट्झचा आकडा आणि हातातला वेग

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांच्या नोंदींसाठी घेतलेला नवा टॅब्लेट जुन्यापेक्षा जास्त गिगाहर्ट्झचा असूनही बागेत संथ चालतो. असे का व्हावे? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : गिगाहर्ट्झ हा प्रोसेसरच्या, म्हणजे यंत्रातील गणना करणाऱ्या चिपच्या, दर सेकंदाच्या ठोक्यांचा आकडा आहे, कामाचा नव्हे, एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्याची रचना, मेमरी आणि प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) यांवर ठरते. २००२ साली ४०० मेगाहर्ट्झच्या (हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ) एक्सस्केल प्रोसेसरचे पॉकेट पीसी, म्हणजे खिशात मावणारे छोटे संगणक, आले, तेव्हा २०६ मेगाहर्ट्झच्या जुन्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरवाल्यांपेक्षा ते दुप्पट वेगवान असतील ही अपेक्षा फोल ठरली, कारण त्यांतील प्रणाली जुन्या रचनेसाठीच बांधलेली होती. उलट अवघ्या १६ मेगाहर्ट्झचा पाम व्ही हा तसाच छोटा संगणक वहीचे पान उलटावे तसा झटकन उघडत असे.

तुमच्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय एप्रिलच्या उन्हावर आहे. टॅब्लेटला सहसा पंखा नसतो. त्यामुळे तो तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो, आणि खोक्यावर छापलेला आकडा तर बहुधा थोडा वेळच टिकणारा कमाल वेग असतो. जाड कव्हर काढून, कलमाच्या सावलीत वापरून पाहा. तरीही फरक न पडल्यास पेट्यांच्या फोटोंनी साठवण भरत आली आहे का, ते तपासावे.