कोड टाकण्याआधी शॉपफ्लोअरवर जा
अरे, एसएपी क्यूएममध्ये (एसएपी सॉफ्टवेअरचा गुणवत्ता सांभाळणारा भाग) दोषांचे कोड बनवायला घेतलेस ना, मग क्यूएस४१ (कोड भरायची स्क्रीन) उघडण्याआधी दोन दिवस इन्स्पेक्टरच्या शेजारी उभा राहा. तिथे कोडच्या याद्यांना कॅटलॉग म्हणतात: कॅटलॉग ९ दोषांच्या प्रकारांचा, ५ कारणांचा. नवखे इथेच घोळ घालतात. कास्टिंगमधलं, म्हणजे ओतीव भागातलं, 'ब्लोहोल' (वायूमुळे पडलेली पोकळी) हा दोष, साच्याच्या 'वाळूत ओल जास्त' हे कारण. दोन्ही एकाच यादीत कोंबलंस की पॅरेटो (काय जास्त वेळा घडतं ते उतरत्या क्रमाने दाखवणारा आलेख) निघतो, पण कशाचा ते कळत नाही. क्रिटिकल, मेजर, मायनर हा डिफेक्ट क्लास, म्हणजे दोष किती गंभीर ते, वेगळा, तो दोषाच्या कोडला जोडायचा.

आणि 'इतर' हा कोड शक्यतो ठेवूच नकोस. मी ठेवला होता. तिसऱ्या पाळीतले निम्मे दोष त्यातच जायचे. रात्री तीनला यादी कोण चाळतंय! वापरात आलेल्या कोडचा अर्थही मागाहून बदलू नकोस, जुन्या नोंदी त्याच्यावरच असतात.