गुडघ्यातलं वंगण

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय ६४. एस.टी.च्या डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होतो. गाडी गेटातून आत शिरतानाच आवाजावरून सांगायचो, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. आता दोन वर्षं झाली, माझेच गुडघे वाजतात. जिना चढताना करकर, खाली बसून उठताना कट्ट. दुखतं असं म्हणण्यासारखं नाही, पावसाळ्यात थोडं भरून येतं. एक्स-रेत ‘थोडी झीज’ निघाली. घरची म्हणते, वंगण संपलं. एकादशीच्या भजनात सतरंजीवरून उठलो की शेजारचे वळून बघतात, म्हणून जाणं कमी केलंय. जिनाही दिवसातून एकदाच. नी-कॅप घेतली, कोलॅजनची पावडर सुरू आहे, एकानं सांगितलं जेलचं इंजेक्शन घ्या, ग्रीसिंग होईल. शिवाय पाने फिरवून फिरवून बोटं मोडायची सवय चाळीस वर्षांची. आणि दाढीनंतर न्हाव्याकडून मान मोडून घेतो, फार बरं वाटतं. यातलं काय बंद करू? आवाज येतो म्हणजे काहीतरी घासतंय, हे माझं मेकॅनिकचं मत.
एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : काका (माझं वय ४९, म्हणून काकाच म्हणते), तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते आमच्या क्लिनिकचा जिना चढताना. अठरा पायऱ्या आहेत, आणि माझा उजवा गुडघा त्यातल्या निम्म्यांवर तरी वाजतो. खाली बाकावर बसलेल्या पेशंटला तो ऐकू जातो. पंचवीस वर्षं लोकांचे गुडघे हातात घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचाच गुडघा वाजतो म्हटल्यावर काही जण लगेच खूश होतात, काही जण दुसरीकडे जातात.

काकूंच्या वंगणापासून सुरुवात करू. हा शब्द मला रोज ऐकू येतो आणि रोज त्यावर भांडावं लागतं. चांगल्या धडधाकट गुडघ्यातही हे वंगण किती असतं माहीत आहे? चहाचा चमचा भरणार नाही एवढं. आणि गुडघा खरोखर बिघडतो तेव्हा ते बहुतेक वेळा आटत नाही, वाढतं. वाटीच्या वरच्या बाजूला फुगवटा येतो, त्याला आपण ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणतो. हे पाणी पातळ असतं, त्याचा बुळबुळीतपणा गेलेला असतो, हे खरं. पण संपलेलं मुळीच नसतं. तेव्हा ज्याचा गुडघा सुजलेला नाही, दुखत नाही, त्याचं वंगण संपलं हे निदान निव्वळ आवाजावर करता येत नाही.

आता तुमच्या धंद्यातलं बोलते, चुकलं तर सांभाळून घ्या. बेअरिंगला ग्रीस बाहेरून भरतात, गनने. गुडघ्याला ग्रीस भरायचं निपल नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, पेशंट जिला गादी म्हणतात, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं याच चमचाभर द्रवातून चालतं, आणि तो आत मुरतो कसा, तर दाबलं आणि सोडलं की. ओल्या स्पंजसारखं. पाऊल टाकलं की गादी दबते, उचललं की पुन्हा शोषून घेते. उभी गाडी खराब होते हे तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही जिना एकदावर आणलात तो गुडघा वाचवायला, पण त्यात गादीची उपासमार होते.

मग आवाज कसला? एकच आवाज नाही, तीन निरनिराळे आहेत. तुम्हाला कानाची सवय आहे, म्हणून वेगळे करून सांगते.

पहिला बोटांचा. ‘कट’ असा एकदाच, स्वच्छ, आणि तेच बोट लगेच पुन्हा मोडायला गेलात तर वाजत नाही. वीसेक मिनिटं थांबावं लागतं. करून बघा. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम घटतो आणि तिथे पोकळी तयार होते, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसं काहीसं. १९४७ साली लंडनच्या दोघा संशोधकांनी बोटं ताणून एक्स-रे काढले आणि ही पोकळी दाखवली. १९७१ मध्ये लीड्सच्या लोकांनी सांगितलं, आवाज बुडबुडा होण्याचा नाही, फुटण्याचा. २०१५ मध्ये कॅनडात, अल्बर्टा विद्यापीठात, एमआरआयमध्ये बोट ओढून सरळ चित्रीकरणच केलं, तर आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि आवाजानंतरही ती तिथेच होती. २०१८ मध्ये गणित मांडून पुन्हा कुणी म्हणालं, बुडबुडा अर्धवट फुटला तरी एवढा आवाज येऊ शकतो. म्हणजे सत्तर वर्षं भांडून प्रश्न बोटभरच पुढे सरकलाय. पण यात हाडावर हाड घासतं असं यातला कुणीच म्हणत नाही.

दुसरा आवाज कंडरेचा. स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरी हाडाच्या उंचवट्यावरून सटकते, सतारीची तार बोटाखालून निसटावी तशी. घोट्यात, खांद्यात, खुब्यात हा जास्त. ओळखायची खूण म्हणजे तो प्रत्येक वेळी येतो, वीस मिनिटांची सुट्टी घेत नाही.

तिसरा तुमचा, करकर. खुर्चीवर बसा, तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. हाताला वाळू भरडल्यासारखं लागेल. वाटीची मागची बाजू आणि मांडीच्या हाडावरची तिची खोबण वयानुसार थोडी खडबडीत होतात, म्हणून. त्यात मांडीचा पुढचा स्नायू वयाबरोबर उतरतो, वाटीला खोबणीत नीट धरून चालवणारा तोच. आणि जिना चढताना वाटीवर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त दाब पडतो, म्हणून सपाटीवर गप्प बसणारा गुडघा जिन्यावर बोलतो.

यात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मीच ओळखते. डेपोत इंजिनं चालू असताना गुडघा वाजत असता तरी ऐकू कुणाला आला असता? रिटायर झाल्यावर घर शांत होतं, कान मोकळे होतात. शिवाय आपल्या सांध्याचा आवाज हवेतून येतो तसा हाडामधूनही आपल्या कानापर्यंत येतो. भजनात शेजारी वळून बघतात म्हणता, मला शंका आहे की निम्म्या वेळा ते घड्याळाकडे बघत असतील.

आता तुमच्या मेकॅनिकच्या मताला मी अगदी उडवून लावणार नाही. अमेरिकेत साडेतीन हजारांच्या आसपास लोकांना, ज्यांना गुडघ्याचा त्रास असा नव्हता, विचारलं गेलं की तुमचा गुडघा वाजतो का, किती वेळा. मग त्यांच्यावर चारेक वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचा सतत वाजत होता त्यांच्यात पुढे दुखणारा संधिवात जास्त निघाला, आणि त्यातले बरेच जण असे होते की एक्स-रेत झीज आधीच होती पण दुखत नव्हतं. काका, हे वर्णन तुमचंच आहे. म्हणून ‘काही नाही, सोडून द्या’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. आवाज हा आजार नाही, पण तुमच्या बाबतीत तो आठवण करून देणारा भोंगा आहे. आठवण कशाची, तर मांडीच्या ताकदीची. तुम्ही भोंगा ऐकून गाडी गॅरेजला लावलीत, माझी तक्रार तेवढीच.

असंच माझ्या आईनं केलं होतं. गुडघा वाजतो म्हणून ती माडीवर वाळवणं घालायला जाईना. मी तेव्हा पुण्यात शिकत होते, फोनवर कौतुकानं म्हणाले, बरं झालं, जपतेस. दोन वर्षांनी घरी येऊन टेपनं मांड्या मोजल्या तर वाजणाऱ्या गुडघ्याची मांडी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरनं बारीक. तोवर आवाज तसाच होता आणि आता दुखायलाही लागलं होतं. तिला पुन्हा माडीवर न्यायला आठ महिने लागले. अजूनही सांडग्यांचा विषय निघाला की ती माझ्याकडे बघते.

तर करायचं काय. भिंतीला टेकलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीशी घेऊन उठा, सावकाश बसा. बसणं उठण्यापेक्षा हळू. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमेना तर खाली उशी घालून खुर्ची उंच करा. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. आडवं पडून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ वीतभर उचलून पाच आकडे धरायचा. करताना वाजेल, वाजू द्या. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर संख्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. जिना आधी दोनदा, मग तीनदा. आणि पोट सुटलं असेल तर ऐका : वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

मांडी घालून बसू की नको, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आपल्याकडे साठी झाली की सरसकट ‘खाली बसू नका’ असं सांगायची पद्धत पडली आहे, मला ती पटत नाही. दुखत असेल तर जरूर खुर्ची घ्या. दुखत नसेल तर सतरंजीवरून उठता येणं ही कमाई आहे, हातची घालवू नका. माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा आम्ही काही जणी वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतो. आळंदीहून तिथवर चालत आलेल्या सत्तरीच्या माणसांचे गुडघे माझ्या हाताखाली करकरताना लागतात, आणि तीच माणसं पाय चेपून झाले की उठून फुगडी घालतात.

पावडर, नी-कॅप, इंजेक्शन, याबद्दल थोडक्यात. नी-कॅपनं आधार वाटतो, लांबच्या प्रवासात वापरा, घरात काढून ठेवा. कोलॅजनची पावडर पोटात गेली की बाकी प्रथिनांसारखीच पचते, ती थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. तेवढ्या पैशांत अंडी, डाळ, दूध येईल आणि मांडीला लागेल. जेलच्या इंजेक्शनला मी तुमच्याबाबतीत नको म्हणेन. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नका असंच म्हटलं आहे, तेही दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी. न दुखणाऱ्या गुडघ्यात सुई कशाला खुपसायची?

बोटं खुशाल मोडा. कॅलिफोर्नियात डोनाल्ड अंगर नावाचे डॉक्टर होते. लहानपणी आई आणि मावश्या-आत्या ओरडायच्या, बोटं मोडलीस तर संधिवात होईल. गड्यानं पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दिवसातून किमान दोनदा, आणि उजव्याची राखून ठेवली. शेवटी दोन्ही हात तपासले तर संधिवात कुठेच नाही. १९९८ मध्ये त्यांनी हे छापून आणलं आणि २००९ मध्ये त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं, ते हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. एका माणसाचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, पण मोठ्या पाहण्यांतही बोटं मोडल्यानं संधिवात होतो असं दिसलेलं नाही. आपल्याकडे तर लेकराची दृष्ट काढताना आज्या दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडत आल्या. जितका आवाज जास्त तितकी दृष्ट मोठी! दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडणं तेवढं टाळा, ते शेजारधर्माला वाईट.

पण मान. काका, इथे मात्र मी हात जोडते. न्हाव्याकडची मान मोडणं आजपासून बंद. मानेच्या मणक्यांच्या भोकांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन शिरा जातात. झटका देऊन मान पिळली की क्वचित त्या शिरेचा आतला पदर फाटतो, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन लकवा मारू शकते. क्वचितच होतं, मान्य. पण त्याच्या बदल्यात मिळतं काय, तर एक कट्ट आणि दहा मिनिटं हलकं वाटणं. न्हाव्याला सांगा, डोकं चोळ, खांदे चेप, मानेला हात लावू नकोस. तो हिरमुसेल, दहा रुपये जास्त द्या. कधी मान पिळल्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड, एका बाजूला मुंग्या असं काही झालं तर घरी पडून राहू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा.

गुडघ्यासाठीही डॉक्टर कधी गाठायचा ते लिहून ठेवा. वाजण्याबरोबर सूज आली, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, जिन्यावर एकाएकी दगा देऊ लागला, किंवा लाल-गरम झाला आणि अंगात ताप आला. पडल्यावर मोठा ‘खट्’ आवाज होऊन काही तासांत गुडघा फुगला तर आतली, हाडाला हाड बांधणारी दोरी तुटलेली असू शकते. आमच्याकडे कबड्डीची पोरं येतात ती हेच सांगत. आणि पिंढरीखाली, टाचेच्या वर, मागून कुणी काठी मारली असं वाटून आवाज झाला, वळून बघितलं तर मागे कुणीच नाही, तर ती टाचेची कंडरा तुटल्याची खूण. त्यावर तेल चोळत बसायचं नाही.

एक्स-रेची फिल्म मला पाठवू नका, तिचा उपयोग नाही. तीन महिन्यांनी एवढंच कळवा : खुर्चीवरून हात न लावता सलग किती वेळा उठता आलं, आणि एकादशीला गेलात का.