एकदा फसल्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

जवळच्या माणसाने गोड बोलून फसवल्यापासून सगळ्यांचाच संशय येतो, आता माणूस ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. माणूस ओळखणं मला अजूनही जमत नाही, हे आधीच कबूल करतो.

मला ज्याने बुडवलं त्याने सुरुवातीला थोडेसे पैसे उसने घेतले आणि ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी परत आणून दिले. समोर बसून नोटा मोजल्या. "राहू दे रे, मोजतोस काय," म्हटलं तर म्हणाला, "नाही, व्यवहार म्हणजे व्यवहार." त्या एका वाक्यावर मी भाळलो. पुढच्या खेपेला रक्कम मोठी होती, "आजच हवेत" अशी घाई होती, आणि वर "घरी बोलू नकोस, उगाच फाटे फुटतात" हेही होतं.

युक्ती जुनीच आहे. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणत होता. सुरुवातीच्या लोकांना तो खरंच मिळाला, मागून आलेल्यांच्या पैशातून. माझ्यासमोर मोजलेल्या नोटाही गळाला लावलेलं आमिषच होत्या.

यापुढचं सांगायची जास्त लाज वाटते. "बुडालेली रक्कम सोडवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा एक जण भेटला आणि मी तीही भरली! तोवर कुणाला काही सांगितलंच नव्हतं ना. शेवटी ताईला कळलं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "अरे, मग फी त्या सुटलेल्या पैशातूनच का नाही कापून घेत तो?" मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तुम्ही अजून घरात बोलला नसाल तर आधी ते करा, बाकी सगळं नंतर.

हल्ली पैशाचा किंवा सहीचा विषय निघाला की मी "घरी विचारून परवा सांगतो" म्हणतो आणि समोरच्याचं काय होतं ते बघतो. मध्यंतरी एका जुन्या मित्राला असं म्हणालो, तर तो "सावकाश सांग" म्हणून चपला घालून निघालासुद्धा. दुसरा एक जण "एवढाच का विश्वास माझ्यावर?" म्हणत फुरंगटून बसला. तो लबाडच असेल असं नाही, पण त्याला मी गप्पांपुरताच ठेवलाय.