ट्रॅक्टरच्या लिफ्टचे दोन लिव्हर आधी नीट समजून घे

भावा, लिव्हर दाबला तरी नांगर घुसत नाय, ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी) बिघडली म्हणतोस, पण लिफ्ट खराब नाय तुझी, लिव्हर चुकीचा वापरतोयस. पंप ऑइल दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो, पिस्टन सरकतो अन् मागचे आर्म वर येतात, खाली येताना मात्र जोर नसतो, अवजार स्वतःच्याच वजनानं उतरतं, म्हणून लिव्हर दाबून नांगर जमिनीत घुसत नसतो.

पोझिशनचा लिव्हर जिथं ठेवशील तिथं अवजार थांबतं, रोटावेटर, पेरणी यंत्राला हाच. नांगराला दुसरा, ड्राफ्टचा, म्हणजे नांगराच्या ताणावर चालणारा. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मधेच कडक पट्टा लागला की नांगराचा ताण वाढतो, टॉप लिंक (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) मागची स्प्रिंग दाबते अन् व्हॉल्व्ह नांगर थोडा उचलतो, ते वजन मागच्या चाकावर येतं, चाक जागच्या जागी कमी फिरतं न् इंजिन दबत नाय. मी पहिलं वर्षभर पोझिशनवरच नांगरलं, डिझेल किती घातलं इचारू नको!

लिफ्ट थरथरायली तर आधी ऑइल लेव्हल अन् फिल्टर बघ, मिस्त्री नंतर. आन उचललेल्या अवजाराखाली नुसत्या लिफ्टच्या भरवशावर हात घालायचा नाय, खाली ओंडका लाव.