मला आजवर कुणीच विचारलं नाही, मग निवडणुकीआधीचे ओपिनियन पोल खरे कसे मानायचे?

आमच्या दाजींचंही हेच म्हणणं. अहो, देशात 97 कोटी मतदार. नमुना 20 हजारांचा धरला तरी तुमचा नंबर 48 हजारांत एकदा लागणार. लॉटरी लागली नाही म्हणजे लॉटरीच नाही, असं असतंय का?

2019 च्या लोकसभेला मी स्वतः कागल-करवीरमध्ये पोलचे फॉर्म भरत फिरलोय. मतदार यादीतून नावं काढून दिलेली, त्याच माणसाला गाठायचं, शेजारचा चालत नाही. एका वस्तीवर तिसऱ्या खेपेला म्हातारबाबा सापडले, गोठ्यात. मत कुणाला? "हाताला." आता कोल्हापूरच्या मतपत्रिकेवर तेव्हा हात नव्हताच. आघाडीत जागा राष्ट्रवादीला, उमेदवार धनंजय महाडिक. म्हटलं, मग घड्याळ लिहू? म्हातारा भडकला. "घड्याळ कोण म्हनलं? आमचं ठरलंय!" काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या गटाचं, महाडिकांना पाडायचं ते वाक्य तेव्हा गावोगाव झालं होतं. म्हणजे काँग्रेसवाला, पण मत शिवसेनेच्या मंडलिकांना. फॉर्मवर याला चौकटच नाही. मी धनुष्यबाणावर खूण केली आणि समासात कारण लिहिलं. असे सात-आठ फॉर्म झाले. सुपरवायझर म्हणाला, "पक्ष काँग्रेस आहे ना, घड्याळ कर." केलं नाही. फॉर्म बाद, पैसेही कापले. मंडलिक अडीच लाखांहून जास्त मतांनी आले.

आणि दाजी म्हणतात, तुम्ही घरात बसून भरता. घरात बसून भरले असते तर पैसे तरी पुरे मिळाले असते!

माणसं कमी विचारली म्हणून पोल चुकत नाही. शितावरून भात कळतो. पण मिसळीत वरवर पळी घातली तर नुसता कट येणार. चौकातल्या टपरीवर फॉर्म भरले की तेच होतं. तेव्हा नमुना कसा काढला ते बघा. जागांचा आकडा हा मतांच्या टक्केवारीवर रचलेला आणखी एक अंदाज, तो मी वाचतच नाही.

2004 ला सगळे आपटले, हे खरं. 2024 ला तर मतदान झाल्यावरचे एक्झिट पोलसुद्धा भाजपच्या रालोआला साडेतीनशेपार नेत होते, मिळाल्या 293. आणि माझा अनुभव एकाच हंगामाचा.

दाजी हे वाचणारच. तर दाजी, गेल्या लोकसभेआधी असाच एक पोरगा फॉर्म घेऊन तुमच्या दारात आला होता. "पुढं जा" म्हणून तुम्हीच घालवलात. ताईनं सांगितलंय मला.