तिन्हीसांजेला बाण वर-खाली का जातात?

प्रश्न : सर, मी बांबूच्या धनुष्याने, इंडियन राऊंड या स्पर्धाप्रकारात असतं तसल्या, साईट (नेम धरायची खूण) न लावता सराव करतो. कामावरून यायला साडेसहा होतात, मग मळ्यात 20 मीटरवर बट (टार्गेट लावायचा जाड ठोकळा). उजेड असेपर्यंत ग्रुप मस्त बसतो, म्हणजे बाण जवळजवळ लागतात, अंधारून आलं की बाण वर-खाली, डावी-उजवी ठीक. डोळे तपासले, नंबर नाही. बटच्या मागे ताडपत्री, त्यामागे गोठा. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : डोळे ठीकच आहेत हो. मला वाटतं तुम्ही दिवसा नकळत बाणाचं टोक आणि टार्गेट यातलं अंतर बघून मारता (माझंही कितीतरी वर्षं तेच चाललेलं आणि मी स्वतःला इन्स्टिंक्टिव्ह, म्हणजे नुसत्या अंदाजाने मारणारा, म्हणवत होतो), उंचीचा अंदाज त्यावरूनच येतो, मग टोकच दिसेनासं झालं की सगळा हिशोब गेला.

काही दिवस 4 मीटरवर या. डोळे उघडे ठेवून बटच्या मधोमध रोखा, मग मिटा आणि सोडा. बोट दरवेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला लागतंय का एवढंच बघायचं, बाण कुठे बसला ते सोडून द्या. आदिपर्वात अर्जुनाचं हेच झालं ना, जेवताना वाऱ्याने दिवा विझला तरी घास बरोबर तोंडात, म्हणून पठ्ठ्या रात्री धनुष्य घेऊन बसला. पण त्याच्या बटमागे गोठा नव्हता! ताडपत्री बाण अडवत नाही, मातीचा बांध नाहीतर भिंतच पाहिजे, आणि मागचं दिसत नसेल तर दोरी ओढायचीच नाही.

आता उजेड. ‘ठिपक्यावर टक लावा’ हे दिवसाचं शास्त्र, गडद अंधारात टक लावली की ठिपकाच गायब होतो कारण नजरेच्या अगदी मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून टार्गेटवर उजेड पाहिजे, पण बॅटरी कपाळावर नको, टार्गेटच्या बाजूला जमिनीवर, तुमच्याकडून आडोसा करून ठेवा. लाल टिकली काळी पडते, पांढरा कागद लावा. आणि मोबाईल घरी! अंधाराला डोळे सरावायला 20-30 मिनिटं लागतात, एकदा स्क्रीन बघितली की बरीचशी मेहनत पाण्यात.

नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरीत नीट बसलाय का ते दरवेळी बोटाने चाचपा, सुटला तर बांबू तडकतो. बाण तीनच न्या, तिसरा गवतात शोधावा लागला की त्या दिवशी बस.